सगळे झेंडे कुणालाच मिळू नयेत : गटांसाठी गुणांचं ओरिएंटिअरिंग कसं आखावं

शाळेच्या शिबिरात, ट्रेकिंगच्या मंडळात किंवा कंपनीच्या सहलीत ‘ट्रेझर हंट’ घ्यायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. चिठ्ठी सापडली की तिच्यातलं कोडं सोडवायचं, मग पुढची चिठ्ठी. बहुतेक वेळा गटातला एकजण कोडी सोडवतो आणि उरलेले त्याच्यामागे पळतात. मधली एखादी चिठ्ठी वाऱ्याने उडाली की सगळ्यांचाच खेळ अडतो.

ओरिएंटिअरिंग म्हणजे नकाशा आणि होकायंत्र घेऊन ठिकाणं शोधायचा खेळ. त्याच्या गुणांच्या प्रकारात या दोन्ही अडचणी येत नाहीत. नकाशावर वीसेक ठिकाणं छोट्या वर्तुळांनी दाखवलेली असतात. प्रत्येक ठिकाणी एक पांढरा-नारिंगी झेंडा टांगलेला असतो आणि त्याचे गुण आधीच ठरलेले असतात. या ठिकाणाला खेळाडू ‘कंट्रोल’ म्हणतात. कुठून सुरुवात करायची, कुठला कंट्रोल आधी घ्यायचा, कुठला नंतर, हे गटाने ठरवायचं. वेळ सगळ्यांना सारखी, समजा दीड तास. तेवढ्यात जमतील तितके गुण घेऊन परत यायचं. उशीर झाला की गुण कापले जातात.

ओरिएंटिअरिंगचा मूळ खेळ स्कॅन्डिनेव्हियातला. नॉर्वेत ऑस्लोजवळ १८९७ साली पहिली खुली स्पर्धा झाली. त्यात सगळे कंट्रोल ठरलेल्या क्रमाने घ्यायचे असतात आणि कमीत कमी वेळ घेणारा जिंकतो. गुणांच्या प्रकारात क्रम मोकळा आणि वेळ बांधलेली असते. याच कल्पनेवर ऑस्ट्रेलियात १९७६ मध्ये ‘रोगेनिंग’ सुरू झालं. त्यात गट थेट २४ तास रानात फिरतो. आपल्याला एवढं लांब जायचं नाही, पण रोगेनिंगचे दोन-तीन नियम इतके शहाणपणाचे आहेत, की दीड तासाच्या खेळातही ते जसेच्या तसे घ्यावेत. ते पुढे येतीलच.

आखणीला बसण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करा. या खेळाचा सगळा जीव त्या पंधरा मिनिटांत आहे, जेव्हा गट नकाशाभोवती डोकी एकत्र करून बसतो आणि काय सोडायचं ते ठरवतो. सगळंच घेता येणार असेल तर ठरवायला काही उरत नाही, मग ती नुसती शर्यत होते आणि दमदार पायांचा गट जिंकतो. म्हणून जागा, अंतर, गुण, दंड यांतला प्रत्येक निर्णय घेताना स्वतःला विचारा, की यामुळे गटाला निवड करावी लागणार आहे का?

जागा

दीड तासाच्या खेळाला साधारण दोन ते तीन चौरस किलोमीटरचा भाग पुरतो. त्यात चढउतार हवा, पायवाटांचं जाळं हवं आणि भोवती ठळक सीमा हवी, म्हणजे रस्ता, कुंपण, कालवा असं काहीतरी. सपाट मैदानावर सगळे झेंडे लांबूनच दिसतात. घनदाट सह्याद्रीत नवख्यांना सोडणं धोक्याचं. शहराच्या कडेची टेकडी दोन्हींच्या मधली, आणि माझ्या मते महाराष्ट्रात या खेळाची सुरुवात करायला तीच सर्वांत योग्य जागा आहे.

या लेखात उदाहरण म्हणून पुण्याची वेताळ टेकडी धरतो. शहरातला हा सर्वांत उंच भाग, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. वर वेताळबाबाचं देऊळ, खाली जुनी दगडाची खाण, मोकळं गवत, गिरिपुष्पाची लागवड, घाणेरीच्या जाळ्या आणि चहूबाजूंनी वर येणाऱ्या पायवाटा. पूर्वेला उतरलं की लॉ कॉलेज रस्ता किंवा सेनापती बापट रस्ता, दक्षिणेला कोथरूड, पश्चिमेला आणि उत्तरेला पाषाण. वाट चुकलेला माणूस कुठल्याही दिशेने उतरला तरी वस्तीतच पोचतो. नवख्या गटांसाठी हा केवढा मोठा दिलासा आहे!

हंगाम नोव्हेंबर ते जानेवारी. पावसाळ्यात कातळ निसरडा असतो आणि गवतात पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. पावसाळा सरल्यावर खाजकुइलीच्या शेंगा वाळतात. त्यांची लव अंगाला लागली तर खेळ तिथेच संपतो, म्हणून पाहणीच्या वेळी तिची झुडपं हेरून ठेवा आणि कंट्रोल तिथून लांब ठेवा. फेब्रुवारीनंतर गवत वाळून काडी झालेलं असतं, वणव्याची भीती असते आणि नऊ वाजताच ऊन चढतं.

परवानगी आधी, पोस्टर नंतर

आपल्या टेकड्यांचा बराचसा भाग वनखात्याच्या ताब्यात असतो, काही तुकडे महापालिकेचे, काही खासगी. आधी कोणता तुकडा कुणाचा ते शोधा. वनजमिनीसाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या. त्यात तारीख, वेळ, माणसांची संख्या, साधा नकाशा आणि तीन गोष्टींची हमी लिहा: झाडाला खिळा ठोकणार नाही, आग पेटवणार नाही, खेळ संपल्यावर दोरीचा तुकडाही मागे ठेवणार नाही. अर्ज महिना-दीड महिना आधी गेलेला बरा. स्थानिक पोलीस चौकीलाही पत्र द्या. पहाटे टेकडीवर काहीतरी टांगत फिरणारी माणसं पाहून कुणी फोन केला, तर ते पत्र कामाला येतं.

टेकडीवर रोज फिरायला येणाऱ्यांचे गट असतात. त्यांना आठवडाभर आधी भेटून सांगा. हे सोपस्कार म्हणून करू नका. ती माणसं त्या टेकडीची खरी राखणदार आहेत आणि कुठल्या कड्याला आग्या मोहोळ लागलंय, कुठली वाट खचलीय, भटकी कुत्री कुठे बसतात, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

नकाशा

इथे घाई करू नका. नकाशा चुकीचा असेल तर बाकी सगळं चोख असूनही खेळाडू चिडतील, आणि त्यांचं चिडणं बरोबरच असेल.

सर्व्हे ऑफ इंडियाचे स्थलदर्शक नकाशे १:५०,००० प्रमाणाचे असतात. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर आणि समोच्चरेषांमधलं, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधलं, उंचीचं अंतर २० मीटर. अख्खी वेताळ टेकडी त्यावर तळहाताएवढीही भरत नाही. प्रदेश समजून घ्यायला हे नकाशे उत्तम, पण खेळायला १:१०,००० किंवा नवख्यांसाठी १:७,५०० हवा. १:१०,००० मध्ये एक सेंटिमीटर म्हणजे १०० मीटर, हिशेबाला सोपं, आणि ए-४ कागदावर साधारण २ किलोमीटर गुणिले ३ किलोमीटरचा भाग मावतो.

असा नकाशा विकत मिळत नाही, तो करावा लागतो. ‘ओपनओरिएंटिअरिंग मॅपर’ हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर आणि अँड्रॉइड फोनवर चालतं. ओपनस्ट्रीटमॅप या मोफत ऑनलाइन नकाशावरच्या वाटा आणि उपग्रहाचं चित्र खाली ठेवून आधी घरी आराखडा काढा. मग टेकडीवर जाऊन एकेक वाट पायांनी तपासा. नकाशावर दिसणाऱ्या पण प्रत्यक्षात बुजलेल्या वाटा खोडा, नव्या घाला. एकटा सुटा मोठा खडक, पाण्याची टाकी, कुंपणाचा कोपरा, बांधाचं टोक अशा बारीक खुणा घाला, कारण कंट्रोल त्यांच्यावरच बसणार आहेत. दोघांना दोन-तीन सकाळी लागतात. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती वापरली असेल तर नकाशाच्या कडेला तसा उल्लेख करणं बंधनकारक आहे, तो विसरू नका.

रंगांबद्दल एक सूचना खेळाआधी मोठ्याने द्यावी लागते, विशेषतः एनसीसीच्या मुलांना. त्यांनी शिकलेल्या स्थलदर्शक नकाशात हिरवा म्हणजे झाडी आणि पांढरा म्हणजे पडीक जमीन. ओरिएंटिअरिंगच्या नकाशात पांढरा म्हणजे सहज पळता येईल असं जंगल, पिवळा म्हणजे मोकळी जागा आणि हिरवा जितका गडद तितकी झाडी दाट. घाणेरीची जाळी म्हणजे सर्वांत गडद हिरवा, तिथे घुसायचंच नाही. तपकिरी समोच्चरेषा, निळं पाणी, काळे खडक आणि माणसाने बांधलेल्या गोष्टी. कंट्रोलची वर्तुळं जांभळी, सुरुवातीला त्रिकोण, शेवटाला दुहेरी वर्तुळ. सुरुवात-शेवट एकाच जागी असेल तर त्रिकोणाभोवती वर्तुळ काढतात.

उत्तर दाखवणाऱ्या समांतर रेषा नकाशावर छापा. होकायंत्राची उत्तर आणि भौगोलिक उत्तर यांत फरक असतो, पण आपल्या भागात तो एका अंशाहूनही कमी आहे. युरोप-अमेरिकेतल्या पुस्तकांत या फरकाची लांबलचक गणितं दिलेली असतात, ती पुण्या-मुंबईत सोडून दिली तरी चालतात.

छापताना दोन गोष्टी सांभाळा. छपाईच्या दुकानात ‘फिट टू पेज’ हा पर्याय चालू असतो आणि नकाशा गुपचूप पाच-सात टक्क्यांनी लहान होतो. पहिली प्रत आली की प्रमाणपट्टीवर फूटपट्टी ठेवून मोजा. आणि छपाई लेझरवर करा, कारण इंकजेटची शाई घामाने पसरते. प्रत्येक नकाशा पारदर्शक झिपच्या पिशवीत घाला, गटाला दोन प्रती द्या.

कंट्रोल कुठे ठेवायचे

आधी अंतराचा अंदाज. नकाशा वाचत चालणारा नवखा गट थांबण्यासकट तासाला तीन किलोमीटर जातो. चढ असेल तर दर १०० मीटर उंचीला दहा मिनिटं जास्त धरा. म्हणजे दीड तासात असा गट चार-साडेचार किलोमीटर फिरेल. पळणारा, सराव असलेला गट नऊ-दहा किलोमीटर काढेल. आता नकाशावर सगळ्या कंट्रोलना जोडणारा सर्वांत छोटा फेरा दोऱ्याने मोजा. तो अकरा-बारा किलोमीटर भरला पाहिजे. त्याहून कमी भरला तर दोन कंट्रोल आणखी लांब सरकवा. सर्वांत वेगवान गटालाही काहीतरी सोडावं लागलं पाहिजे.

तरीही नवख्यांना रिकाम्या हाताने परत यावं लागू नये. सुरुवातीच्या जागेपासून पाचशे मीटरच्या आत, वाटेवरच सापडणारे पाच-सहा सोपे कंट्रोल हवेतच. दहा वर्षांच्या मुलासोबत आलेल्या आजोबांनाही पहिला झेंडा दहा मिनिटांत सापडला, की पुढचा सगळा वेळ ते मनापासून खेळतात. हेच झेंडे शेवटच्या मिनिटांतही उपयोगी पडतात: परतणाऱ्या गटाकडे सहा मिनिटं उरलीत, डावीकडे वळलं तर आणखी दहा गुण आहेत. वळायचं की नाही?

मोठ्या गुणांचे कंट्रोल एकाच बाजूला ठेवू नका. वेताळ टेकडीवर दोन मोठे पाषाणच्या बाजूच्या उतारावर आणि दोन कोथरूडच्या बाजूला ठेवले, तर दोन्हीकडे जाणं जवळपास अशक्य होतं आणि गटाला बाजू निवडावी लागते. कागदावर स्वतः तीन वेगळे फेरे आखून पाहा. तिन्हींचे गुण जवळपास सारखे आले तर आखणी जमली. एकच फेरा उघडपणे भारी ठरत असेल तर गुण किंवा जागा बदला.

झेंडा लपवू नका. हा मुद्दा नव्या आयोजकांना हमखास पटत नाही. नकाशा नीट वाचून बरोबर खडकापाशी पोचलेल्या गटाला झेंडा लगेच दिसला पाहिजे. पानांच्या ढिगात किंवा दगडाच्या फटीत खुपसलेला झेंडा शोधायला नशीब लागतं, कौशल्य नाही. अवघड करायचं असेल तर जागा अवघड निवडा: दोन सारख्या घळींपैकी दुसरी, वाट सोडून शंभर मीटर आत असलेला बांध, सोंडेचं टोक.

आता सर्वांत महत्त्वाचं. घाईत असलेला गट दोन कंट्रोलच्या मधून सरळ रेषेत जातो. तुम्ही वाट कितीही सुंदर आखलेली असो, वेळ संपत आली की माणसं नाकासमोर चालतात. म्हणून प्रत्येक दोन शेजारच्या कंट्रोलमध्ये पट्टी ठेवून रेषा ओढा आणि ती रेषा कड्यावरून, खाणीच्या काठावरून किंवा वाहत्या रस्त्यावरून जात नाही ना, ते बघा. वेताळ टेकडीवर खाणीच्या दोन बाजूंना समोरासमोर कंट्रोल कधीही ठेवू नका. खाणीचा परिसर नकाशावर जांभळ्या आडव्या-उभ्या रेघांनी बंद करा, प्रत्यक्ष जागेवर पट्टी बांधा आणि ‘आत गेलेला गट बाद’ हा नियम छापून द्या. देवळाच्या आवारात आणि मोरांचा वावर असलेल्या दाट झुडपांतही कंट्रोल नकोत.

जागा ठरल्या की प्रत्येक जागी कंट्रोलचा क्रमांक लिहिलेला छोटा फितीचा तुकडा बांधा. मग आखणीत भाग न घेतलेल्या दुसऱ्या जाणकाराला फक्त नकाशा देऊन पाठवा. त्याला फीत बरोबर वर्तुळाच्या मध्यावर सापडली पाहिजे. जिथे तो अडखळतो तिथे चूक आखणाऱ्याची असते. मोठ्या स्पर्धांत या माणसाला ‘कंट्रोलर’ म्हणतात. तुमच्या चाळीस जणांच्या खेळालाही तो लागतोच. वेळ कमी पडला तर बाकी काहीही गाळा, ही तपासणी गाळू नका.

गुण आणि दंड

रोगेनिंगमधली एक रीत इथे फार कामाची आहे: कंट्रोलच्या क्रमांकातला दशकाचा आकडा दहापट केला की त्याचे गुण. ११ ते १६ क्रमांकांचे प्रत्येकी १० गुण, २१ ते २६ चे २०, ३१ ते ३४ चे ३०, ४१ ते ४३ चे ४० आणि ५१ चे ५०. असे वीस कंट्रोल आणि एकूण ४७० गुण. वेगळा तक्ता लागत नाही. नकाशाकडे बघूनच खेळाडूला किंमत कळते आणि निकाल लावणाऱ्यालाही.

गुण ठरवताना अंतर, चढ आणि शोधायची कठीणता या तिन्हींचा विचार करा. लांब पण सडकेच्या कडेला असलेल्या कंट्रोलला ५० देऊन टाकण्याचा मोह होतो. मग पळणाऱ्यांची चंगळ होते आणि नकाशा वाचणाऱ्यांना काहीच फायदा मिळत नाही. मी जवळचा पण फसवा कंट्रोल ३० चा ठेवीन आणि लांबचा सोपा २० चा.

दंड कडक हवा. हिशेब असा: चांगला गट ९० मिनिटांत समजा २५० गुण मिळवतो, म्हणजे मिनिटाला तीनपेक्षा कमी. दंड मिनिटाला दोन-तीन गुण ठेवला तर उशिरा येणं परवडतं आणि हुशार गट मुद्दाम उशीर करतील. मिनिटाला १० ठेवा, आणि सुरू झालेलं मिनिट पूर्ण धरा. एक गट २८० गुण घेऊन ४ मिनिटं १० सेकंद उशिरा आला तर पाच मिनिटांचे ५० वजा, उरले २३०. वेळेत परतलेला २४० वाला गट त्याच्या वर. वीस मिनिटांहून जास्त उशीर झाला तर सगळे गुण रद्द, आणि त्या क्षणी तो गट स्पर्धक न राहता शोधायची माणसं होतो. बरोबरी झाली तर आधी परतलेला गट पुढे.

गटाची वेळ शेवटच्या माणसाची धरायची. आणि रोगेनिंगचा दुसरा नियम: गटाने एकमेकांना हाक ऐकू येईल इतक्याच अंतरात राहायचं आणि प्रत्येक कंट्रोलपाशी सगळ्यांनी २० मीटरच्या आत यायचं. हा नियम नसेल तर गट फुटतो, चपळ मुलगा चारी दिशांना पळतो, आणि हळू चालणारी मैत्रीण एका दगडावर बसून राहते. तिला बरोबर घेऊन फेरा आखणं हा या खेळाचाच भाग आहे.

गट तिघांचा सर्वांत चांगला. दोघांत एकाला लागलं तर मदत आणायला जाणारा एकटा पडतो. पाच झाले की शेवटचे दोघे नकाशाकडे बघतच नाहीत. कुटुंबांसाठी, शाळेसाठी आणि खुल्या गटांसाठी वेगळे निकाल लावा. नकाशा आणि वेळ मात्र सगळ्यांना एकच.

झेंडे, पंच आणि कार्ड

प्रमाणित झेंडा म्हणजे ३० सेंटिमीटरच्या तीन चौकोनी बाजूंचा त्रिकोणी कंदील, प्रत्येक बाजू तिरकी दुभागलेली, वर पांढरी, खाली नारिंगी. शिंप्याकडून कापडाचे शिवून घेतले तर वर्षानुवर्षं टिकतात.

गट तिथे पोचल्याची खूण कशी घ्यायची? फोनवर फोटो काढायला सांगणं सोपं वाटतं, पण वीस गटांचे दोनेकशे फोटो तपासता तपासता बक्षीस समारंभ दुपारवर जातो. झेंड्यावर अक्षरं लिहिली तर ती व्हॉट्सअॅपवरून दुसऱ्या गटाकडे पोचू शकतात. सर्वांत साधा आणि भरवशाचा उपाय म्हणजे प्रत्येक झेंड्याला वेगळ्या नक्षीचा सुयांचा पंच, म्हणजे कार्डाला भोकं पाडणारा चिमटा. तो नसेल तर आकाराची भोकं पाडणारे हस्तकलेचे पंच स्टेशनरीच्या दुकानात मिळतात: तारा, पान, फूल. जाड कागदाच्या कार्डावर प्रत्येक कंट्रोलचा चौकोन छापायचा, त्यात भोक पाडायचं. मोजणाऱ्याकडे सगळ्या नक्ष्यांचं मूळ कार्ड असतं, ते शेजारी धरलं की एका गटाचं काम मिनिटभरात होतं. ‘मॅपरन’सारखी फोनच्या जीपीएसवर चालणारी अॅप आहेत आणि कमी स्वयंसेवक असतील तर ती उपयोगी आहेत. पण मग प्रत्येकाच्या हातात फोन येतो आणि नजर नकाशावरून पडद्याकडे जाते. पहिल्या खेळाला कागदच बरा.

सार्वजनिक टेकडीवर झेंडे गायब होतात. कुणी कुतूहलाने काढून नेतं, कुणी कचरा समजून. प्रत्येक झेंड्याला ‘खेळ चालू आहे, दुपारी बारानंतर आम्हीच काढून नेऊ’ अशी चिठ्ठी आणि फोन नंबर लावा. शिवाय जमिनीलगत क्रमांकाची ती छोटी फीत तशीच राहू द्या. झेंडा नसला पण गटाने फितीवरचा क्रमांक आणि आजूबाजूच्या खुणा बरोबर सांगितल्या तर गुण द्यायचे, हे सुरुवातीलाच जाहीर करा.

खेळाची सकाळ

डिसेंबरात पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. दोन जोड्यांनी उजाडताच निघून आठपर्यंत झेंडे टांगायचे. वीस गटांच्या, म्हणजे साठ माणसांच्या खेळाला आठ-नऊ स्वयंसेवक लागतात: नोंदणीला दोन, वेळ लिहायला एक, गुण मोजायला दोन, टेकडीवर फिरते दोन-तीन आणि प्रथमोपचार येणारा एकजण जागचा न हलणारा.

नोंदणीच्या वेळी प्रत्येक गटाचं नाव, तिघांची नावं, एक चालू फोन नंबर आणि कुणाला दमा, मधुमेह, मधमाशीची ॲलर्जी आहे का ते लिहून घ्या. फोन चालूच ठेवून पाकिटात घालायचा, पाकिटाला चिकटपट्टी लावायची. अडचणीत खुशाल फाडावं.

मग वीस मिनिटांचं शिक्षण, आणि तेही हातात नकाशा देऊन. नकाशा उत्तरेला लावणं हे पहिलं: होकायंत्राची सुई आणि नकाशावरची उत्तर जुळेपर्यंत स्वतः गोल फिरायचं. दुसरं, अंगठा आपण उभे आहोत त्या जागी ठेवून चालायचं आणि पुढे गेलं की अंगठा सरकवायचा. तिसरं, शंभर मीटरला आपली पावलं किती पडतात ते मोजून ठेवायचं. मैदानाच्या कडेला सरावाचे दोन झेंडे टांगून ठेवा, प्रत्येक गट ते घेऊन आला की निम्म्या शंका मिटतात. होकायंत्र फोनजवळ धरू नका, सुई ढळते.

खरे नकाशे उलटे वाटा. इशारा झाला की सुलटे करायचे आणि फेरा आखायला पंधरा मिनिटं द्यायची. प्रत्येक गटाला पेन्सिल आणि हातभर दोरा द्या. ही पंधरा मिनिटं कापू नका, कार्यक्रमाला कितीही उशीर झालेला असला तरी! आयोजकाने या वेळात गटांमधून फिरून नुसतं ऐकावं. गप्प बसणारी मुलगी अचानक म्हणते, ‘इथे रेषा फार जवळजवळ आहेत, हा चढ अंगावर येईल,’ आणि गट आपला बेत बदलतो.

सगळे एकदम सुटतात. शिट्टीच्या क्षणी घड्याळ लावायचं आणि परतीची वेळ मोठ्या अक्षरात फळ्यावर लिहायची: ९.१५ ला सुरुवात, १०.४५ ला शेवट. ‘दीड तास’ असं लिहू नका, दमलेल्या डोक्याला बेरीज जमत नाही.

सगळे परत आले पाहिजेत

गळ्यात शिट्टी नसलेल्या गटाला सोडायचंच नाही. संकटाची खूण मिनिटात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा. ती ऐकणाऱ्या प्रत्येक गटाने खेळ सोडून तिकडे जायचं. गमावलेल्या वेळेची भरपाई तुम्ही द्याल, हे आधीच सांगा, म्हणजे जाताना कुणाचा पाय अडखळणार नाही. प्रत्येकाकडे किमान एक लिटर पाणी, पायात मजबूत बूट, अंगभर कपडे. घोणस आणि फुरसं दोन्ही आपल्या टेकड्यांवर असतात, त्यामुळे न बघता दगडाखाली हात घालायचा नाही आणि गवतात पाय आपटत चालायचं.

वाट चुकल्यास काय करायचं ते नकाशाच्या मागे एका ओळीत छापा. वेताळ टेकडीसाठी: ‘होकायंत्र धरून पूर्वेला जा, वाट मिळाली की तीच धरून रस्त्यावर उतरा, तिथून फोन करा.’ आयोजकाचा नंबर, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि आपत्कालीन ११२ तिथेच असावेत.

परत येणाऱ्या प्रत्येक गटाची माणसं मोजा, यादीत खूण करा. अर्ध्यात सोडणाऱ्यांनीही शेवटाच्या टेबलावर येऊन सांगितल्याशिवाय घरी जायचं नाही. परतीच्या वेळेनंतर वीस मिनिटांनी एखादा गट आला नसेल तर आधी फोन, मग फिरत्या जोड्या त्या गटाने सांगितलेल्या फेऱ्याच्या उलट बाजूने निघतात. म्हणूनच सुटण्यापूर्वी प्रत्येक गटाकडून आखलेल्या फेऱ्याचे पहिले तीन कंट्रोल लिहून घ्यावेत.

निकाल आणि आवराआवर

गट येतील तसे गुण मोजत गेलात तर शेवटचा गट आल्यावर पंधरा मिनिटांत निकाल तयार होतो. तोवर मोठ्या आकारात छापलेला नकाशा भिंतीवर लावा आणि प्रत्येक गटाला वेगळ्या रंगाने आपला फेरा त्यावर काढू द्या. लोक तिथून हलत नाहीत. ‘तुम्ही ४२ ला वरून गेलात? आम्ही घळीतून चढलो!’ बक्षीस देण्याआधी पहिल्या आलेल्या गटाला दोन मिनिटं बोलू द्या, पण काय घेतलं यापेक्षा काय सोडलं आणि का, ते विचारा.

झेंडे काढायची कामं आधीच वाटून ठेवा. उत्साही गटांना पाच-पाच झेंड्यांची जबाबदारी दिली तर तासाभरात टेकडी मोकळी होते. परत आलेल्या प्रत्येक झेंड्यावर, पंचवर आणि फितीवर यादीत टिक करा, कारण राहिलेली फीत पुढच्या वर्षीच्या खेळाडूला फसवते आणि वनखात्याला दिलेला शब्द मोडते. नकाशातल्या ज्या चुका गटांनी दाखवल्या त्या त्याच संध्याकाळी मूळ फाइलमध्ये दुरुस्त करा, आठवडा गेला की कुठली वाट बुजली होती ते आठवत नाही. आणि कुठला कंट्रोल किती गटांनी घेतला ते मोजा. ज्याच्याकडे कुणीच फिरकलं नाही त्याचे गुण पुढच्या वेळी वाढवा, जो सगळ्यांनी घेतला त्याचे कमी करा.